पंडित म्हाइंभट व सांगणाऱ्यांची मराठी

सराळ्याचे म्हाइंभट संस्कृत शास्त्रांत पारंगत होते. एकेकाळी विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या या पंडितांनी श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर, इ. स. १२७८ च्या सुमारास, ऋद्धिपुरी लीळासंकलन आरंभिले. ज्यांनी लीळा पाहिल्या, त्या स्त्रीपुरुषांकडे ते स्वतः जात. ऐकलेले श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून घेत आणि मगच लिहीत. संस्कृतात ग्रंथ रचणे त्यांना अवघड नव्हते. तथापि त्यांनी सांगणाऱ्यांचीच मराठी राखिली. वाक्ये लहान, शब्द घरातले. ज्या वाणीत लीळा सांगितल्या गेल्या, त्याच वाणीत त्या लिहिल्या गेल्याने अशिक्षित श्रोत्यासही खरेखोटे पारखता येई. ‘लीळाचरित्रा’वरील विश्वासाचे मूळ येथे आहे. म्हाइंभटांनी विद्या टाकिली नाही. ती सत्याच्या सेवेस लाविली.