प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर

विद्यार्थिमित्रहो, सायंकाळीं प्रभादेवीहून शिवाजी पार्काकडे गेल्यास क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या टोळ्या दृष्टीस पडतात. त्यांच्या पालकांपैकीं पुष्कळांच्या मनांत एक शंका असते, ती ही कीं, खेळापायीं मुलाची विद्या बुडणार तर नाहीं? ज्यांच्या चरित्रानें ह्या शंकेचें निरसन होतें, असे एक थोर पुरुष म्हणजे प्राध्यापक देवधर होत.

त्यांचा जन्म पुणें येथें १४ जानेवारी १८९२ रोजीं झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृतचे प्राध्यापक होते. वर्गांत संस्कृत शिकवावें आणि मैदानावर बॅट धरावी, असा त्यांचा क्रम अनेक वर्षें चालला. एकाची उणीव दुसऱ्यास त्यांनीं भासूं दिली नाहीं.

१९२६ सालीं आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं एम. सी. सी. चा इंग्लिश संघ हिंदुस्थानांत आला. त्याच्याविरुद्ध बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर देवधरांनीं १४८ धावा काढल्या. त्याच दौऱ्यांत सी. के. नायडू यांनींही १५३ धावांची खेळी केली. आपले खेळाडू परक्या संघाशीं टक्कर देऊं शकतात, अशी लोकांची खात्री पटली. १९२८ सालीं नियामक मंडळ स्थापन झालें व १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना झाला. परंतु तोंवर देवधरांनीं चाळिशी गांठली होती. कसोटी सामना खेळण्याचा मान त्यांस कधींच लाभला नाहीं.

दुसरा एखादा खट्टू होऊन घरीं बसला असता. देवधरांनीं महाराष्ट्र संघाची धुरा वाहिली व तरुणांस पुढें आणलें. त्यांच्या संघांतून खेळतांना विजय हजारे यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. १९३९-४० व १९४०-४१ ह्या लागोपाठच्या दोन वर्षीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. त्यांतील दुसऱ्या वर्षीं मुंबईच्या बलाढ्य संघाविरुद्ध स्वतः कर्णधारानें २४६ धावा काढल्या, तेव्हां ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते! पुढें पन्नाशी उलटल्यावर नवानगरविरुद्धच्या सामन्यांत त्यांनीं दोन्ही डावांत शतकें झळकाविलीं.

मुलींनीं मैदानावर उतरणें अनेकांस रुचत नसे अशा काळांत तारा, सुंदर व सुमन ह्या त्यांच्या कन्यांनीं बॅडमिंटनमध्यें राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं. घरांत खेळाचा आदर असला म्हणजे काय होतें, तें ह्यावरून दिसतें.

सरकारनें त्यांस १९६५ सालीं पद्मश्री व १९९१ सालीं पद्मभूषण देऊन गौरविलें. १९७३-७४ पासून त्यांच्या नांवानें देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. २४ ऑगस्ट १९९३ रोजीं, वयाच्या १०१ व्या वर्षीं, ते निवर्तले.

मित्रहो, सर्वांत मोठा मान हुकला म्हणून त्यांनीं ना खेळ सोडला, ना तरुणांचा हेवा केला. संघांत निवड न झाल्यास रुसून बसणाऱ्या प्रत्येक मुलानें हें चरित्र ध्यानांत ठेवावें.