वि. स. पागे

विठ्ठल सखाराम पागे (१९१०–१९९०) हे स्वातंत्र्यसैनिक, गांधीवादी कार्यकर्ते आणि महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. दुष्काळात सरकारने दयेपोटी काढावयाच्या कामांना त्यांनी मजुराच्या हक्काचे रूप दिले, आणि त्या श्रमांची सांगड मृद् व जलसंधारणाशी घातली.

जीवन

सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर हे पागे यांचे कार्यक्षेत्र होते. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या पागे यांनी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षी, १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले.

योजनेची जडणघडण

तासगावचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे. पावसाने ओढ दिली की अल्पभूधारक व भूमिहीन मजूर कामाच्या शोधात गाव सोडत. ज्याला श्रम करावयाचे आहेत, त्याला गावाजवळ उत्पादक काम मिळावे, हा विचार पागे यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. १ मे १९७२ रोजी पंधरा कलमी कार्यक्रमात ही योजना राज्यासाठी जाहीर झाली. परंतु त्याच वर्षीच्या भीषण दुष्काळामुळे तिची जागा दुष्काळी कामांनी घेतली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. तिच्या खर्चासाठी व्यवसाय करासारखे कर बसविण्यात आले. अशा प्रकारे खेड्यातील श्रमांचा भार शहरातील पगारदारांनीही उचलला.

कायदा आणि कार्यपद्धती

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मजुराने नाव नोंदवावे, नंतर कामाची लेखी मागणी करावी, आणि १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा, अशी तरतूद तीत होती. नोंदणी आणि मागणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. केवळ नाव नोंदवून काम मिळत नाही. मजुरी कामाच्या मापावर ठरे व स्त्री-पुरुषांना दर समान असे. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार व लहान मुलांची सोय अपेक्षित होती.

मृद् व जलसंधारण

पाझर तलाव, नालाबांध, शेतांची बांधबंदिस्ती व वनीकरण ही योजनेतील प्रमुख कामे होती. मजुराला आज मजुरी मिळावी आणि त्याच श्रमांतून उद्याचा दुष्काळ सौम्य व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती.

सीमाभागातील अर्थ

सोलापूर जिल्हा हा १९७२ च्या दुष्काळाची तीव्र झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्याच्या पूर्व टोकाला, अक्कलकोट तालुक्यात, दुधनी हे बाजारपेठेचे गाव आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बोलणाऱ्या या परिसरात रब्बी ज्वारी व तूर ही मुख्यतः पावसावर अवलंबून असलेली पिके आहेत. पलीकडे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्हा लागतो. माती आणि पाऊस दोन्हीकडे सारखे असले, तरी काम मागण्याचा कायदेशीर हक्क २००५ पर्यंत केवळ अलीकडच्या मजुराला होता.

मर्यादा

हजेरीपटातील गैरप्रकार, अपुरी राहिलेली कामे आणि मजुरीस होणारा विलंब यांवर टीका झाली. जमीन नसलेल्याला मजुरी मिळाली, पण बांध व पाण्याचा टिकाऊ लाभ प्रामुख्याने जमीनधारकांना झाला, हा आक्षेपही महत्त्वाचा आहे. ज्यांना मागणीअर्जाची माहिती नव्हती, ते हक्क असूनही वंचित राहिले.

वारसा

पागे यांचे १९९० मध्ये निधन झाले. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा संमत केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याला आधारभूत ठरला. केंद्राच्या त्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात मात्र दिवसांची अशी मर्यादा नव्हती.