मनाशी बोलणारे समर्थ

सौंसरजवळ जामसावळीस मारुती पहुडलेला आहे. पिंपळाखालच्या त्या मूर्तीपुढे भाविकांची रीघ लागते, आणि त्या रीघेत मनाने खचलेली, भ्रमिष्ट झालेली माणसेही असतात. घरची मंडळी हात धरून त्यांना आणतात. कोणी त्यास बाधा म्हणतो, कोणी दैव. ते दृश्य पाहिले की ज्या पुरुषाने कृष्णाकाठी गावोगाव मारुती उभे केले त्याचे स्मरण होते; कारण माणसाच्या मनाशी त्याच्याइतका सरळ बोलणारा ग्रंथकार मराठीत क्वचितच झाला असेल.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली रामनवमीस, मराठवाड्यातील जांब गावी ठोसरांच्या घरी झाला. नाव नारायण. वडील सूर्याजीपंत लवकर वारले. आई राणूबाई व वडील बंधू गंगाधरपंत यांनी मुलास वाढविले. परंपरा सांगते, की हा खोडकर मुलगा एकदा दिसेनासा झाला व शेवटी अंधाऱ्या खोलीत विचार करीत बसलेला सापडला. आईने पुसता आपण जगाची काळजी वाहत आहोत असे त्याने सांगितले. बाराव्या वर्षी बोहल्यावरून तो निघून गेला ती कथा सर्वश्रुतच आहे. नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षे तप आणि पुढे बारा वर्षे तीर्थाटन करून १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. १६४८ साली चाफळास राममंदिर झाले, भोवताली अकरा मारुतींची स्थापना झाली, आणि वीस दशकांचा दासबोध सिद्ध झाला. १६८२ च्या आरंभी सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला.

अंधाऱ्या खोलीत बसलेल्या त्या मुलाने पुढे दोनशे पाच श्लोक केवळ मनाला उद्देशून रचले. त्यांत मनाला शिव्याशाप नाहीत. जवळच्या मित्रास समजवावे तसे समजावणे आहे. मन म्हणेल ते सारे खरे नव्हे, त्यास थांबवून विचारता येते आणि वळवताही येते, ही त्यामागची श्रद्धा. दासबोधात तर दिवसभराची चर्या, यत्न, लेखन, लोकांत मिसळणे यांवर समासच्या समास खर्ची पडले आहेत. नुसत्या विचाराने मन सुधारत नाही, हात हलले पाहिजेत, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

पुढे सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, विसाव्या शतकाच्या सहाव्या व सातव्या दशकांत, अमेरिकेत आल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या दोघांनी स्वतंत्र वाटेने एक उपचारपद्धती घडविली. तिला आज विचार-वर्तन उपचार म्हणतात. तिचा समर्थांशी काही संबंध नाही. पण तिचे काम आपल्या भागातील उदाहरणाने सहज कळेल. सौंसरकडील एका बागाईतदाराचा आंबिया बहार गळाला. आपण नालायक, आता सारे संपले, असे त्याच्या मनाने घेतले. तो बागेत जाईना, कोणास भेटेना. काम तुंबले, आणि तुंबलेल्या कामाने तो विचार आणखी पक्का केला. उपचारक हा फेरा कागदावर मांडतो. फळे गळाली हे खरे. पण सारे संपले याला पुरावा कोणता, असे विचारतो. मग लहानसे काम देतो : उद्या अर्धा तास बागेत जा, एका शेजाऱ्यास भेट, आणि काय वाटले ते लिहून आण. अशा पाच ते वीस बैठका होतात.

भेदही ध्यानात ठेवावा. समर्थ मनाला रामाकडे नेतात. उपचारक रुग्णाला त्याच्याच अनुभवाने विचार पारखून घ्यावयास लावतो. बोध एकीकडे, पडताळा दुसरीकडे.

गुण किती येतो? उदासीनतेच्या विकारात ही पद्धत साधारणपणे औषधाच्या तोडीची ठरली आहे, आणि औषध थांबल्यावर दुखणे उलटते त्या मानाने हिच्यानंतर ते कमी उलटते. भयगंड व चिंता यांवरही ती चांगली लागू पडते. गोव्यात आरोग्य केंद्रांतून साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी हिच्यातील कामास लावणारा भाग वापरला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ४९५ रुग्ण होते; तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के सावरले, इतरांपैकी ३९ टक्के. म्हणजे सर्वांस गुण येतोच असे नाही. भ्रम होणे, आवाज ऐकू येणे अशा तीव्र विकारांत औषध मुख्य, हा उपचार पूरक.

म्हणून जामसावळीस जाणाऱ्याने जरूर जावे. श्रद्धेचा आधार थोडा नव्हे. पण दर्शन घेऊन परतताना डॉक्टरांची पायरीही चढावी. तेथवर जाणे होत नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. समर्थांनी मारुती बसविला आणि यत्नही शिकविला. आपण एकच धरून दुसरे सोडू नये. कारण घरात कोपरा धरून बसलेले माणूस, कोणीतरी येऊन विचारील म्हणून वाट पाहत असते.