टेस्ला न्यूयॉर्कमध्ये नवा होता तेव्हा: चार वर्षं, तीन फसलेले व्यवहार आणि एक मोटर

विहिरीवरची थ्री-फेज मोटर तुम्ही पाहिली असेलच. रात्री-अपरात्री लाईट आली की शेतकरी उठून स्टार्टरचं बटण दाबतो आणि मोटर पाणी उपसायला लागते. या मोटरीच्या आत फिरतं चुंबकीय क्षेत्र असतं. ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात उतरवली, त्यांच्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे निकोला टेस्ला.

टेस्लाच्या शोधांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. आज त्याच्या आयुष्यातला एक छोटा तुकडा बघू. जून १८८४ मध्ये, २७ वर्षांचा असताना, तो न्यूयॉर्कला पोचला. मोटर कशी बनवायची हे त्याला तेव्हाच माहीत होतं. तरीही ती जगासमोर यायला चार वर्षं लागली. या चार वर्षांत नेमकं काय अडलं होतं?

आधी पॅरिस

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, स्मिल्यान या गावातला. हे गाव आज क्रोएशियात आहे. इंजिनिअरिंग शिकायला तो ग्राझला गेला, पण डिग्री पूर्ण झाली नाही. पुढे बुडापेस्टच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली. तिथेच १८८२ च्या फेब्रुवारीत, मित्रासोबत बागेत फिरताना, त्याला मोटरीची कल्पना सुचली. काठीने त्याने तिथेच मातीत आकृती काढून दाखवली.

त्याच वर्षी तो पॅरिसला एडिसनच्या युरोपातल्या कंपनीत लागला. त्या शहराने त्याला अक्षरशः वेड लावलं. पहिले काही दिवस तो नुसता रस्त्यांवरून भटकत होता. रोज सकाळी सीन नदीवर पोहायचं, मग तासभर चालत इव्हरीच्या कारखान्यात जायचं, असा त्याचा दिनक्रम होता. पगार मात्र हातात येताच उडायचा. महिन्याचे शेवटचे २९ दिवस फार जड जातात, असं तो गमतीने सांगायचा. पुण्या-मुंबईत पहिली नोकरी लागलेल्या कुणालाही हे पटेल!

मग कंपनीने त्याला स्ट्रासबर्गला पाठवलं. तिथल्या रेल्वे स्टेशनच्या वीजयंत्रणेत घोळ झाला होता. काम नीट झालं तर चांगली रक्कम मिळेल, असं त्याला सांगितलं होतं. काम झालं. परत आल्यावर पहिल्या साहेबाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. पैसे काही मिळाले नाहीत. हा पहिला फसलेला व्यवहार.

बंदरावरचा पहिला धक्का

कंपनीतल्या एका वरिष्ठाने अमेरिकेला जायचा सल्ला दिला. निघतानाच पैसे आणि तिकिटं गायब झाली. पुढे जहाजावरची त्याची जागा घ्यायला दुसरं कुणी आलं नाही, म्हणून त्याला चढता आलं.

त्या वेळचं न्यूयॉर्क म्हणजे झगमगाट. ब्रुकलिन ब्रिज सुरू होऊन वर्षच झालं होतं. एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र १८८२ पासून चालू होतं. पण टेस्लाला पहिल्या दिवशी जे दिसलं ते रांगडं आणि ओबडधोबड. त्याने एका पोलिसाला नम्रपणे पत्ता विचारला, तर पोलिसाने दंडुका फिरवत खाऊ की गिळू अशा नजरेने उत्तर दिलं. हा देश युरोपच्या शंभर वर्षं मागे आहे, असं टेस्लाचं त्या दिवशी मत झालं.

एडिसनकडची नोकरी

एडिसनच्या मशीन वर्क्समध्ये त्याला लगेच काम मिळालं. 'ओरेगॉन' नावाच्या प्रवासी जहाजाचे दोन्ही डायनॅमो बंद पडले होते आणि जहाज अडकून पडलं होतं. टेस्ला हत्यारं घेऊन रात्री जहाजावर गेला आणि पहाटे पाचपर्यंत दोन्ही डायनॅमो चालू करून दिले. परतताना वाटेत एडिसन भेटला आणि ते ऐकून खूश झाला.

त्यानंतर सकाळी साडेदहा ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाच, असं काम सुरू झालं. डायनॅमोंची २४ नवी डिझाईन्स त्याने केली. टेस्लाने पुढे लिहिलंय की या कामासाठी मॅनेजरने ५०,००० डॉलर कबूल केले होते, आणि काम संपल्यावर ती थट्टा होती असं निघालं. टेस्लाने नोकरी सोडली. हा दुसरा व्यवहार. यातही लेखी काहीच नव्हतं.

पण मोटरीचं काय? तिला इथे जागाच नव्हती. एडिसनचं सगळं जाळं डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर होतं. डीसीचं व्होल्टेज वाढवायची किंवा कमी करायची सोपी सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे वीज केंद्रापासून साधारण मैलभरच नीट पोचायची. टेस्लाची मोटर एसीवर चालणारी. आजच्या भाषेत, कंपनीची अख्खी सिस्टीम प्रॉडक्शनमध्ये आहे, ग्राहक पैसे देतायत, आणि नवा आलेला मुलगा सगळा पायाच बदलूया म्हणतोय. त्याच्याकडून दुरुस्तीची कामं सगळ्यांना हवी होती, त्याची कल्पना कुणाला नको होती.

स्वतःच्या नावाची कंपनी, पण स्वतःची नाही

१८८५ मध्ये न्यू जर्सीतल्या रॉवे गावचे दोन गुंतवणूकदार पुढे आले. 'टेस्ला इलेक्ट्रिक लाईट अँड मॅन्युफॅक्चरिंग' ही कंपनी निघाली. त्यांना रस्त्यांसाठी आर्क दिवे हवे होते, मोटरीत रस नव्हता. टेस्लाने दिव्यांची पद्धत तयार केली, पेटंटं घेतली, गावात दिवे लावून दाखवले.

या वेळी कागद होता, पण तो टेस्लाच्या बाजूचा नव्हता. पेटंटं त्याने कंपनीच्या नावावर केली होती आणि बदल्यात शेअर्स घेतले होते. १८८६ मध्ये गुंतवणूकदारांनी नुसती वीजपुरवठ्याची कंपनी चालवायचं ठरवलं आणि टेस्लाला बाहेर काढलं. दिवे, पेटंटं सगळं तिकडेच राहिलं. हातातल्या शेअर्सची किंमत जवळपास शून्य.

ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं थाटात अनावरण झालं. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याच शहरात टेस्ला दिवसाला दोन डॉलरवर चर खणत होता.

योग्य माणसं आणि योग्य कागद

इथून गोष्ट फिरते. खोदकामावरच्या मुकादमाने त्याची गाठ आल्फ्रेड ब्राऊनशी घालून दिली, असं सांगतात. ब्राऊन वेस्टर्न युनियन या तार कंपनीत अधिकारी होता, आणि त्याचा भागीदार चार्ल्स पेक हा वकील. एकाला तंत्र कळत होतं, दुसऱ्याला कायदा.

पेकला एसी मोटरबद्दल शंका होती. टेस्लाने त्याच्यासमोर तांब्याचं अंडं फिरत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलं. अंडं गरगर फिरत टोकावर उभं राहिलं.

हे कसं होतं? वानखेडेवर प्रेक्षक मेक्सिकन वेव्ह करतात ते आठवा. कुणीही आपली खुर्ची सोडत नाही, फक्त एकामागोमाग एक उठतात आणि बसतात, पण लाट मैदानाभोवती गोल फिरते. टेस्लाने वेटोळी गोलाकार मांडली आणि त्यांत एकमेकांच्या थोडे मागे-पुढे असणारे एसी प्रवाह सोडले. वेटोळी जागच्या जागी, चुंबकीय क्षेत्र मात्र गोल फिरतं आणि मधल्या धातूला ओढून फिरवतं. डीसी मोटरीत लागणारे, घासून ठिणग्या पाडणारे ब्रश इथे लागतच नाहीत.

एप्रिल १८८७ मध्ये 'टेस्ला इलेक्ट्रिक कंपनी' सुरू झाली. वाटणी आधीच ठरली: फायद्याचा एक तृतीयांश टेस्लाला, एक तृतीयांश पेक आणि ब्राऊनला, उरलेला पुढच्या संशोधनाला. ८९ लिबर्टी स्ट्रीटला प्रयोगशाळा मिळाली. १ मे १८८८ रोजी मोटरीची मुख्य पेटंटं मंजूर झाली. १६ मे रोजी टेस्लाने अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेसमोर व्याख्यान दिलं. जुलैमध्ये जॉर्ज वेस्टिंगहाऊसने परवाना घेतला: रोख आणि शेअर्स मिळून ६०,००० डॉलर, शिवाय प्रत्येक हॉर्सपॉवरमागे अडीच डॉलर रॉयल्टी.

कल्पना तीच होती, बुडापेस्टच्या बागेतली. बदललं ते एवढंच, की या वेळी ती कुणाच्या मालकीची आणि तिचे पैसे कुणाला, हे कामाआधी लिहिलेलं होतं.

शहराबद्दलचं मत

१८८९ मध्ये टेस्ला पुन्हा युरोपला गेला. पॅरिस तेच होतं. पण आता त्याला वाटलं, अमेरिकाच युरोपच्या शंभर वर्षं पुढे आहे. हे मत त्याने पुढे कधी बदललं नाही. १८९१ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला.

त्याने न्यूयॉर्क आपलं मानलं, पण तिथे घर कधी केलं नाही. आयुष्यभर हॉटेलांत राहिला, आणि पैशाचा हिशेब त्याला शेवटपर्यंत जमला नाही. वॉल्डॉर्फ-ॲस्टोरियाचं बिल इतकं थकलं की वॉर्डनक्लिफची जागा हॉटेलच्या मालकाकडे गेली. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या खोलीत तो एकटाच गेला.

आपल्यासाठी यात काय आहे?

गाव सोडून पुणे, बंगळुरू किंवा थेट परदेशात नोकरीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्याच्या पुढेही वाचा. तुम्ही बनवलेल्या गोष्टींची मालकी कुणाची, हे सांगणारं कलम त्यात बहुतेक वेळा असतं. घरी, सुट्टीच्या दिवशी केलेला स्वतःचा प्रोजेक्ट त्यात येतो का, ते विचारा. बोनस कबूल केला असेल तर निदान ईमेलवर घ्या. स्टार्टअपमध्ये पगाराऐवजी शेअर्स मिळणार असतील, तर ते कधी आणि कसे विकता येतील, हे सही करण्याआधी समजून घ्या.

नव्या शहरात हे विचारायला संकोच वाटतो, हे खरं आहे. नोकरी हातची जाईल अशी भीती असते. पण सरळ विचारलेल्या प्रश्नावर समोरची कंपनी बिथरत असेल, तर ते रुजू होण्याआधी कळलेलं केव्हाही बरं.