सरहद्दीवरचा सब्र

रमजान हा सब्राचा, म्हणजे संयमाचा महिना. रोजेदार तहानभूक सोसतो तसाच रागही गिळतो. रागाचा हा रोजा एका अख्ख्या समाजाला शिकवण्याचा प्रयत्न खान अब्दुल गफ्फार खान, म्हणजेच बादशहा खान यांनी केला.

पेशावरजवळच्या उत्मानझई गावात १८९० साली एका जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. पठाणांच्या रिवाजात खुनाचा सूड घेणे हे कर्तव्य होते. वैर बापाकडून मुलाकडे वारशाने येई. १९१० मध्ये त्यांनी गावात शाळा काढली. तुरंगझईचे हाजीसाहेब शाळांच्या या कामात त्यांचे वडीलधारे होते.

तरुणपणी शस्त्रांचा मार्ग त्यांनाही परका नव्हता. देवबंदच्या क्रांतिकारी उलेमांशी त्यांचा संपर्क होता. लढ्याचे ठाणे शोधण्यासाठी ते बाजौरच्या डोंगराळ मुलखात जाऊन आले. पण बेत तडीस गेला नाही. १९१५ मध्ये हाजीसाहेबांनी इंग्रजांविरुद्ध बंदूक उचलली आणि ते टोळ्यांच्या मुलखात गेले. सरकारने शाळा बंद पाडल्या.

येथे गुरू-शिष्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गफ्फार खानांनी हिशेब मांडला. प्रत्येक उठावानंतर इंग्रज फौज येई, गावे जाळी, दंड बसवी. बंदुकीला तोफेने उत्तर देणे साम्राज्याला सोपे जाई. शिवाय तीच बंदूक उद्या भावकीच्या वैरात चाले. सूड सोडल्याशिवाय पठाण एक होणार नाहीत आणि एक झाल्याशिवाय स्वतंत्रही होणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. आधार मात्र त्यांनी धर्मातच शोधला. मक्केतील तेरा वर्षे पैगंबर मुहम्मद (स.) आणि त्यांच्या साथीदारांनी छळ सोसला, पण हात उगारला नाही. अहिंसा पठाणांना नवी वाटली, तरी ती इस्लामला नवी नाही, असे ते सांगत.

१९२९ मध्ये त्यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. ईश्वराला सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या लेकरांची सेवा हीच त्याची सेवा, हा तिचा पाया होता. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, अशी शपथ प्रत्येक जण घेई. पांढरे कपडे लवकर मळत म्हणून ते विटकरी रंगात रंगवले गेले आणि लोक त्यांना लाल डगलेवाले म्हणू लागले.

२३ एप्रिल १९३० रोजी त्यांच्या अटकेनंतर पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. माणसे पडत राहिली, तरी जमाव हटला नाही. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या हिंदू शिपायांनी या निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडण्यास नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास पत्करला. समोर बंदूक असती, तर हे घडणे कठीण होते. त्यानंतर खिदमतगारांची संख्या हजारोंनी वाढली.

१९३४ मध्ये सुटका झाली, पण सरहद्द प्रांतात पाऊल ठेवण्यास बंदी आली. तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींकडे राहिले. मुंबईत केलेल्या भाषणावरून डिसेंबरमध्ये वर्ध्यातच त्यांना पुन्हा अटक झाली.

या वाटेची किंमत जबर होती. त्यांनी फाळणीला विरोध केला, पण काँग्रेसने ती स्वीकारली. पाकिस्तानात त्यांच्यावर देशद्रोहाचा शिक्का बसला. १२ ऑगस्ट १९४८ रोजी बाबरा येथे खिदमतगारांवर गोळीबार झाला. या वेळी सरकार आपलेच होते. इंग्रजांचे आणि पाकिस्तानचे तुरुंग मिळून आयुष्याचा जवळपास तिसरा हिस्सा त्यांनी कैदेत काढला. तरीही सुडाची हाक त्यांनी दिली नाही.

१९८७ मध्ये भारताने त्यांना भारतरत्न दिले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफन अफगाणिस्तानात, जलालाबादला झाले. तेथे युद्ध पेटलेले होते. हजारो लोक खैबर खिंड ओलांडून जनाजाला गेले आणि तेथेही बॉम्बस्फोटांत माणसे दगावली. ज्या आगीपासून आपल्या लोकांना दूर ठेवण्यासाठी ते आयुष्यभर झटले, ती विझलेली नव्हती. पण त्या मुलखात एक लाख पठाणही बंदूक खाली ठेवू शकतात, हे त्यांनी एकदा दाखवून दिले होते.