सत्यासाठी दोनदा किंमत मोजणारे संपादक : गोपाळ गणेश आगरकर

वृत्तपत्राचे स्वातंत्र्य म्हटले की सरकार आणि संपादक यांचा झगडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. पुण्याच्या आगरकरांनी मात्र या स्वातंत्र्याची किंमत दोनदा मोजली : एकदा तुरुंगात आणि एकदा स्वकीयांत.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या गावी गरीब कुटुंबात झाला. हालअपेष्टा सोसून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. मोठ्या पगाराची आशा न धरता लोकसेवा करण्याचा निश्चय त्यांनी आईला पत्राने कळविला.

देशी भाषांतील वृत्तपत्रांना जखडणारा १८७८ चा कायदा अमलात असताना, ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात 'केसरी' निघाला. आगरकर त्याचे पहिले संपादक होते. १८८२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण त्याच वर्षी आगरकर व टिळक यांना तुरुंगात जावे लागले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळासंबंधी लिहिल्याबद्दल दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. ज्या पत्रांवर संपादकांनी भिस्त ठेवली, ती बनावट ठरली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या जामिनासाठी महात्मा फुले यांनी मतभेद विसरून साह्य केले.

दुसरी परीक्षा अधिक कठीण होती. समाजसुधारणेवरून सहकाऱ्यांशी मतभेद वाढल्याने १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला. त्याच्या इंग्रजी भागासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांचे साह्य लाभले. बालविवाह, विधवांचे केशवपन आणि जातिभेद यांवर आगरकरांनी कठोर टीका केली. चिडलेल्या विरोधकांनी ते जिवंत असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने ते जर्जर झाले होते, तरी लेखणी थांबली नाही. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच १७ जून १८९५ रोजी, वयाची अवघी अडतीस वर्षे पूर्ण झालेली असताना, त्यांचे निधन झाले.

देवाधर्माविषयी त्यांची मते आपल्याहून भिन्न होती. तरीही त्यांच्या चरित्रातून आपण दोन गोष्टी अवश्य घ्याव्यात. बातमी छापण्यापूर्वी, आणि ती दुसऱ्याला सांगण्यापूर्वीही, तिची सत्यता पारखावी. आणि जो लेखक आपल्याला न रुचणारे प्रामाणिकपणे लिहितो, त्याचे तोंड बंद करण्यात आपण सहभागी होऊ नये. सरकारने दिलेले स्वातंत्र्य वाचकच हिरावून घेऊ शकतात, हे आगरकरांनी भोगले. ते जपणेही वाचकांच्याच, म्हणजे आपल्याच, हाती आहे.