फादर स्टीफन्स : लॅटिन धातुसाधितांचा संस्कार आणि देशी भाषा

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. १५७५ मध्ये रोम येथे ते जेझुइट संघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. १६१९ मधील मृत्यूपर्यंतचा त्यांचा बहुतेक काळ साष्टी प्रांतात गेला. १५८३ मध्ये बंधूस लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांच्या घडणीचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले. विल्यम जोन्स यांच्या १७८६ मधील प्रतिपादनाच्या दोन शतके आधीची ही नोंद होय.

या दृष्टीमागे लॅटिन व्याकरणाचा संस्कार होता. त्या परंपरेत धातुसाधित ही शब्दाची स्वतंत्र जात मानली जाई; कारण ते नामाकडून लिंग व विभक्ती घेते, तर क्रियापदाकडून काळ व अर्थ. मात्र तेच विशेषण म्हणून स्थिरावले की त्याचा स्वभाव पालटतो. ‘आमान्स’ (प्रेम करणारा) हे धातुसाधित असताना द्वितीयेतील कर्म घेते. स्थायी गुण दर्शवू लागताच षष्ठी घेते व तरतमभावही स्वीकारते. ‘दोक्तुस’ म्हणजे मुळात शिकविला गेलेला. विशेषण होताच त्याचा अर्थ विद्वान असा होतो.

मराठीतही ही सीमारेषा आढळते. ‘जाणता’ हे रूप वर्तमानकालवाचक धातुसाधित असले तरी ‘जाणता माणूस’ या प्रयोगात काळ लोपून गुण उरतो. ‘शिकलेली मुलगी’ आणि ‘मुलीने शिकलेली विद्या’ यांत रूप एकच. पण पहिल्यात विशेष्य कर्ता आहे, दुसऱ्यात कर्म. लॅटिन भूतकालवाचक धातुसाधित सामान्यतः कर्मवाच्य असल्याने तेथील साचा मराठीस जसाच्या तसा लागू पडत नाही.

स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांचे कोकणीचे पोर्तुगीज व्याकरण मरणोत्तर, दियोगु रिबैरो यांच्या भरीसह, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा आराखडा लॅटिन आहे, हा आक्षेप खरा आहे. तथापि त्या आराखड्यामुळेच देशी बोलीस शास्त्रीय विवेचनाचा विषय होण्याची प्रतिष्ठा लाभली. हा उद्योग धर्मप्रसारासाठी होता, हेही विसरता येत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने याच भाषेच्या वापरावर बंदी घातली. त्या पार्श्वभूमीवर स्टीफन्स यांच्या व्याकरणाचे मोल साच्याच्या शुद्धतेवरून नव्हे, तर त्याने जतन केलेल्या भाषारूपांवरून ठरते.